‘लीज अँड लीफ’: सीडीची कोणती आवृत्ती घ्यावी आणि हातात आलेली कशी पारखावी?

मंद्रसप्तक
फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश लोकसंगीत-रॉक गटाचा ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम (आयलंड कंपनी, डिसेंबर १९६९) सीडीवर घ्यायचा आहे. बाजारात तीन तऱ्हा दिसतात. एक, मूळची आठच गाणी असलेली जुनी साधी सीडी. दोन, २००२ ची रीमास्टर, म्हणजे आवाज नव्याने जुळवून काढलेली, आठ अधिक दोन गाण्यांची. तीन, २००७ ची दोन सीड्यांची डीलक्स. शिवाय जपानी कागदी वेष्टणातल्या वेगळ्याच. किमतीत दुपटी-चौपटीचा फरक आहे.
प्रश्न दोन: आवाजासाठी कोणती घ्यावी? आणि हाती आलेली चकती नेमकी कोणत्या काळातली, हे कसं ओळखावं? जुन्या सीड्या विकणारे बहुतेक जण वर्णनात सरसकट ‘ओरिजिनल १९६९’ लिहितात. १९६९ साली सीडी नव्हतीच, तेव्हा त्या वर्णनाचा उपयोग शून्य.

तिरपी_सुई
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे.
वर्तुळातल्या ‘पी’ च्या पुढे १९६९ छापलेलं असतं. ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं वर्ष, सीडी बनल्याचं नव्हे. रीमास्टर असेल तर बहुधा मागच्या कव्हरवर किंवा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दुसरं वर्ष बारीक अक्षरात सापडतं.
पण कव्हर बदलता येतं, म्हणून चकती बघा. चकचकीत बाजू वर करून दिव्याखाली तिरपी धरा. मधल्या भोकाजवळ, गाण्यांचा भाग सुरू होण्याआधी आरशासारखी पट्टी असते. तिच्यावर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे चकतीचा ओळख-क्रमांक, कोरलेला असतो. त्याच्या आसपास ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) अशी अक्षरं आणि पुढे तीन-चार अक्षर-अंक दिसले, तर ती चकती १९९४ किंवा त्यानंतरची. हे कोड त्या वर्षी सुरू झाले. उलट मात्र खरं नाही: कोड नाही म्हणून चकती १९९४ आधीचीच, असं म्हणता येत नाही, कारण सगळ्या कारखान्यांनी ते एकदम घेतले नाहीत.
खालची बाजू हिरवट किंवा निळसर असेल आणि पट्टीवर मॅट्रिक्स नसेल, तर ती घरी बर्न केलेली सीडी-आर आहे. पैसे देऊ नका.
ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून पट्टीचा फोटो मागायचाच. फ्लॅश बंद, उजेड बाजूने.

सुरपेटी
वाचनखूण साठवली. पट्टीवर असं काही लिहिलेलं असतं हे ठाऊकच नव्हतं.

थेम्सकाठ
आवाजाच्या प्रश्नाला थोडी पार्श्वभूमी लागेल.
मे १९६९ मध्ये एम-वन महामार्गावर या गटाच्या व्हॅनला अपघात झाला. त्यात ड्रमर मार्टिन लँबल गेला. उरलेल्यांनी उन्हाळ्यात हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन इथल्या घरात राहून नवी गाणी बसवली. ड्रमला डेव्ह मॅटॅक्स आला, तो नाचाच्या बँडमधून आलेला. डेव्ह स्वार्ब्रिक आधीच्या अल्बमवर पाहुणा म्हणून फिडल (व्हायोलिन) वाजवून गेला होता, तो आता पूर्णवेळ आला. बास वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज सेसिल शार्प हाऊस या लोकसंगीताच्या केंद्राच्या ग्रंथालयात बसून जुनी गाणी शोधत असे. ध्वनिमुद्रण शरद ऋतूत, लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत झालं. जुन्या डेअरीच्या इमारतीतला हा स्टुडिओ. निर्माता जो बॉइड, ध्वनिअभियंता जॉन वुड.
अल्बम दुकानात येण्याआधीच गायिका सँडी डेनी आणि हचिंग्ज दोघेही गटातून बाहेर पडले होते. या सहा जणांचा स्टुडिओतला एवढाच एक अल्बम आहे. म्हणून त्या काळातला एक जादा टेकसुद्धा मोलाचा.

टेपपुराण
मंद्रसप्तक, ‘कोणती आवृत्ती’ याच्या आत दडलेला प्रश्न असा, की ‘कोणत्या टेपवरून’.
स्टुडिओत मिक्स झालं की जी दोन चॅनलची टेप तयार होते ती मूळ मास्टर. तिच्यावरून एलपी कापण्यासाठी प्रत काढतात. त्या प्रतीत खालचा बास दोन्ही बाजूंना सारखा केलेला असू शकतो, ‘स’, ‘श’ दाबलेले असू शकतात, कारण तबकडी कापणाऱ्या सुईला आणि घरच्या सुईला ते झेपत नाहीत. परदेशी कंपन्यांना पाठवायला त्याहून पुढच्या प्रती. प्रत्येक प्रतीला टेपची सळसळ वाढते. सारख्याच दर्जाच्या यंत्रावर पहिल्या नकलेला ती साधारण ३ डेसिबल वाढते. वरचे बारीक स्वरही थोडे थोडे झिजतात.
सीडीच्या पहिल्या दशकात घाई फार होती. कपाटात जी टेप हाताशी लागली ती डिजिटल केली, असं अनेक अल्बमांच्या बाबतीत झालं. म्हणून ‘जुनी सीडी म्हणजे मूळ आवाज’ हे गृहीत धरू नका. तसंच ‘रीमास्टर म्हणजे सुधारलेली’ हेही धरू नका.
कानाने तपासायच्या तीन जागा सांगतो.
पहिली, ‘रेनार्डाइन’. हळू, मोकळं गाणं. सुरुवातीला आणि शांत जागी टेपची बारीक सळसळ ऐकू यायला हवी. ती अजिबात नसेल, किंवा गाणं थांबताच पडदा पडल्यासारखी नाहीशी होत असेल, तर कुणीतरी नॉइज रिडक्शन लावलंय. सळसळीबरोबर झांजेची शेपटी आणि गाणारीचा श्वासही कापला जातो. सळसळ असलेली सीडी दोषी समजू नका, ती टेपची खूण आहे.
दुसरी, ‘टॅम लिन’. विजेची गिटार, फिडल, ड्रम सगळे एकत्र जोर लावतात, तिथे सँडीचा आवाज त्यांच्या पुढे उभा राहतो की त्यांच्यातच चेपला जातो, ते ऐका. चेपला गेला तर कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठे आवाज एका पातळीला दाबणं, जास्त झालंय.
तिसरी परीक्षा कुठल्याही गाण्यावर चालते. संगणकावर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका. मोनो केल्यावर झांज आणि फिडलचं वरचं तेज एकदम मावळलं, तर टेप वाजवताना हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, जुळवलेला नव्हता. दोन चॅनल किंचित मागे-पुढे पडतात आणि वरचे स्वर एकमेकांना खोडतात. चांगला अभियंता टेप लावल्याबरोबर हे आधी करतो. टेपच्या सुरुवातीच्या खुणेच्या स्वरांवर, ते नसतील तर झांजेवर कान ठेवून.

चकतीप्रेमी
@टेपपुराण, जुन्या टेपा भट्टीत भाजतात म्हणे. ही पण भाजली असेल का?

टेपपुराण
भाजणं सरसकट नसतं. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून काही कंपन्यांच्या टेपमध्ये वापरलेलं बंधक द्रव्य हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. टेप हेडला चिकटते, किंचाळते, वर तपकिरी लगदा सोडते. अशी टेप सुमारे ५० ते ५५ अंशांवर आठ तास किंवा जास्त, टेपच्या रुंदीनुसार, कोरडी करतात. मग काही आठवडे ती धड चालते, तेवढ्यात डिजिटल प्रत काढून घ्यायची. १९६९ च्या टेपांना सहसा हा रोग नसतो. त्यांचे त्रास वेगळे: जोडलेल्या जागच्या चिकटपट्ट्या सुटतात, कडा मुडपतात. अ‍ॅसिटेटची जुनी टेप असेल तर तिला भाजणं उलट घातक, ती वाळून मोडते. घरच्या कॅसेटवर किंवा स्पूलवर ओव्हनचा प्रयोग कुणी करू नका.

अभंगवेडा
मला बोनस गाण्यांचाच, म्हणजे २००२ च्या त्या जादा दोन गाण्यांचा, मुद्दा खटकतो. हा अल्बम ‘कम ऑल ये’ या आमंत्रणाने उघडतो आणि ‘क्रेझी मॅन मायकल’ ने मिटतो. ते शेवटचं गाणं गटाचा गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनचे शब्द आणि स्वार्ब्रिकची चाल, अगदी नवं रचलेलं, तरी शेकडो वर्षं जुनं वाटतं. त्याच्यानंतर शांतता हवी. २००२ च्या सीडीत दहा सेकंदही जात नाहीत तोवर पुढचं सुरू. एलपीला दर बाजूला वीस-वीस मिनिटं होती आणि मधे उठून तबकडी उलटायची होती. पहिली बाजू ‘फेअरवेल, फेअरवेल’ ला संपते, ते अडीच मिनिटांचं गाणं तिथे निरोपासारखंच ठेवलेलं आहे. सीडीवर लगेच ‘द डिझर्टर’ येऊन आदळतं.

निळी_रेघ
अभंगवेडा, क्रमाबद्दल पूर्ण सहमत, बोनसबद्दल अजिबात नाही. ४० मिनिटांचा अल्बम आणि ७४ मिनिटांची चकती, उरलेली जागा रिकामी का सोडायची? आणि ही गाणी भरताड नाहीत. ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ पुढे १९७० च्या ‘फुल हाऊस’ मध्ये आलं, पण तोवर सँडी गेली होती, ते पुरुषांच्या आवाजात आहे. इथे तेच सँडी गाते. ‘द क्वायट जॉइज ऑफ ब्रदरहुड’ म्हणजे रिचर्ड फरीन्याचे शब्द, ‘माय लेगन लव्ह’ या आयरिश चालीवर. सँडीने पुढे १९७२ च्या स्वतःच्या अल्बमवर ते पुन्हा वेगळ्या मांडणीने गायलं. दोन्ही शेजारी ठेवून ऐकली की तीन वर्षांत ती कुठून कुठे गेली ते कळतं.
शांततेची सोय सोपी आहे: प्लेअरला आठ गाण्यांचा प्रोग्रॅम लावा.

अभंगवेडा
प्रोग्रॅमचा उपाय मान्य. सँडीच्या ‘स्पेन्स’ साठी तर मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो.

शून्य_एक
आता मोजमाप. ‘आवाज चांगला’ हे म्हणताना सगळ्यात मोठी फसगत अशी, की मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. दोन-तीन डेसिबलनं मोठी असलेली सीडी पहिल्या ऐकण्यात हमखास जिंकते. म्हणून दोन आवृत्त्या ताडायच्या तर आधी पातळी सारखी करा.
ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्हींचं एकच गाणं उघडा. लाउडनेस नॉर्मलायझेशनने दोन्ही उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारी पातळी मोजायचं एकक) आणा. मग बघा: एकीचे ड्रमचे ठोके उंच सुळक्यांसारखे वर गेलेत आणि दुसरीचे सगळे एका उंचीवर छाटलेले आहेत का? छाटलेल्यात ठोक्याचा दणका गेलेला असतो, आवाज वाढवूनही तो परत येत नाही. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ यासाठी उत्तम. गोष्ट संपल्यावर गिटार आणि फिडलची जी लांब झुंज लागते, तिच्यात ड्रम मोकळे हवेत.
दुसरी चाचणी त्याहून पक्की. दोन्ही ट्रॅक पहिल्या नमुन्यापासून अचूक एकाखाली एक आणा, एकाची लहर उलटी (इन्व्हर्ट) करा, दोन्ही मिसळा. पूर्ण शांतता आली तर दोन्हींत एकच मास्टरिंग आहे, फक्त कव्हर नवं. बारीक, पातळीनुसार मोठा होणारा अवशेष उरला तर आवाज कमी-जास्त केलाय. पातळी जुळवून पुन्हा करा. कसंही केलं तरी गाणं घुमल्यासारखं ऐकू येतच राहिलं, तर टेप नव्याने चालवलेली आहे, कारण टेपयंत्राचा वेग दोनदा तंतोतंत सारखा कधीच नसतो.

टेपपुराण
शून्य_एक यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड: वेगही मोजा. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ सुमारे ८ मिनिटं ८ सेकंदांचं आहे. वेगात १ टक्क्याचा फरक म्हणजे जवळजवळ ५ सेकंद. फक्त सीडीवर दाखवलेली लांबी घेऊ नका, तिच्यात गाण्यानंतरची रिकामी जागाही धरलेली असते. पहिल्या स्वरापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत मोजा.

सुरपेटी
८ मिनिटं ८ सेकंद! ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ लावून चहा ठेवू नये, गाण्यातला सरदार परत येईपर्यंत उतू जाईल.

चकतीप्रेमी
:) आणि झुंज संपेपर्यंत आटेल.

कोकणकडा
सीडी घेतल्यावर ती टिकवायची कशी, तेही लिहायला हवं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बुरशी आधी पुस्तिकेला धरते, मग डबीच्या आत सरकते.
झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या. साधारण ३० सीड्यांच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारी. नारिंगीची हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पुन्हा नारिंगी. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, त्या भिंतीला ओल येते. सीड्या उभ्या ठेवा. कपाटात वाळवी-कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या तरी चालतात.

तिरपी_सुई
कोकणकडा, बाकी सगळं उत्तम, पण डांबरगोळ्या नकोत. सीडीची पारदर्शक डबी पॉलिस्टायरिनची असते आणि नॅफ्थलीनच्या वाफेने ते मऊ पडतं, चिकटतं. कसरीसाठी कपाट कोरडं ठेवणं आणि पुस्तिका मधून मधून काढून बघणं एवढं पुरतं.
जुन्या दोन-तीन सीड्यांच्या जाड डब्यांत स्पंजाची पातळ चकती घातलेली असते. ती लगेच काढून टाका. वर्षं गेली की तो स्पंज विरघळून सीडीच्या छापील बाजूला चिकटतो आणि खालचा थर खातो.

कोकणकडा
दुरुस्तीबद्दल आभार. डांबरगोळ्यांचं माझं वाक्य कुणी पाळू नये.

निळी_रेघ
चऱ्यांचं काय? टूथपेस्ट लावून घासायचा सल्ला फिरत असतो.

तिरपी_सुई
चरा कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.
सीडी १.२ मिलिमीटर जाड. जवळजवळ सगळी जाडी खालच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. अ‍ॅल्युमिनियमचा थर अगदी वर, छापील बाजूला, आणि त्याच्यावर फक्त लाखेचा पापुद्रा आणि शाई. म्हणून छापील बाजूचा चरा जीवघेणा, तिथे अ‍ॅल्युमिनियमच खरवडलं जातं. ट्यूबलाइटसमोर धरा, टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला डेटा गेला.
खालच्या बाजूचा चरा बहुधा चालतो. त्रुटीदुरुस्तीची व्यवस्था ट्रॅकच्या दिशेने अंदाजे २.५ मिलिमीटरपर्यंतची सलग खोट पूर्ण भरून काढते. त्यामुळे केंद्रातून कडेकडे गेलेला सरळ चरा ती सहज ओलांडते, पण गोलाकार, ट्रॅकच्या बरोबरीने गेलेला चरा तिला झेपत नाही. पुसताना गोल गोल फिरवायचं नाही ते याचसाठी. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ. नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नाही, अ‍ॅसिटोनने पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं.
टूथपेस्टने खोल चऱ्याच्या कडा गुळगुळीत होतात हे खरं, पण बरोबर शेकडो बारीक रेघाही पडतात. सीडी वाचतच नसेल तेव्हाच, शेवटचा उपाय म्हणून.
जुन्या ब्रिटिश सीड्या घेणाऱ्यांसाठी आणखी एक. १९८८ ते १९९३ च्या दरम्यान ब्लॅकबर्नमधल्या एका कारखान्यात बनलेल्या काही चकत्यांची लाख पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकली नाही. त्या कडेपासून तांबूस-तपकिरी होत जातात. चांदीऐवजी तांब्याची झाक दिसली तर घेऊ नका, आणि आधीच घेतलेली असेल तर आज प्रत काढा.

शून्य_एक
प्रत काढायची तर नुसतं ‘कॉपी’ करू नका. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा सीडी संगणकावर उतरवायचा प्रोग्रॅम घ्या, सिक्युअर मोड लावा, ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे तो किती नमुने मागे-पुढे वाचतो तो आकडा, भरा. तो मॉडेलनुसार ठरतो, कित्येक ड्राइव्हचा +६, काहींचा +६६७ नमुने. मग ‘टेस्ट अँड कॉपी’ करा, म्हणजे प्रत्येक गाणं दोनदा वाचलं जाईल. दोन्ही वेळचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळला पाहिजे. शेवटी अ‍ॅक्युरेटरिपने (लोकांच्या प्रतींचे असे आकडे साठवणारी ऑनलाइन यादी) इतरांच्या प्रतींशी पडताळा. फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता जागा वाचवणारी फाइल) ठेवा, लॉग आणि गाण्यांच्या जागा नोंदवणारं क्यू-शीट बरोबर.
इथेच मूळ प्रश्नाचा एक फायदा आहे. वेगवेगळ्या कव्हरच्या दोन चकत्या अ‍ॅक्युरेटरिपमध्ये एकाच नोंदीशी जुळल्या, तर आतला आवाज अक्षर न् अक्षर तोच. जास्त पैसे कव्हरचे.

चकतीप्रेमी
मग जपानी एसएचएम-सीडीचं काय? तिचं प्लास्टिक जास्त पारदर्शक असतं, आवाजही जास्त स्वच्छ येतो असं वाचलं.

शून्य_एक
प्लास्टिक जास्त पारदर्शक असतं, बरोबर. पण धड असलेली साधी सीडीही प्लेअर बिनचूक वाचतो. दोन्हींवरचे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचे आकडे एकच असतील तर बाहेर येणारा आवाज एकच. फरक ऐकू आला तर तो वेगळ्या मास्टरिंगचा.

थेम्सकाठ
जपानी आवृत्तीची बाजू दुसऱ्या कारणाने घेईन. मूळ एलपीचं कव्हर उघडणारं होतं आणि आतल्या बाजूला लोकपरंपरांवर चित्रं आणि टिपणं होती: मॉरिस नाच (इंग्लंडचं एक लोकनृत्य), गाणी गोळा करणारा सेसिल शार्प, १८८२ ते १८९८ दरम्यान ३०५ बॅलड (कथागीतं) पाच खंडांत छापणारा फ्रान्सिस चाइल्ड. गट काय करू पाहतोय याचा तो जाहीरनामाच होता. ३१ सेंटिमीटरचं चित्र १२ सेंटिमीटरवर आणलं की क्षेत्रफळ जेमतेम सातवा हिस्सा उरतं, अक्षरं वाचवत नाहीत. साध्या डबीपेक्षा उघडणारं कागदी वेष्टण त्या मांडणीच्या निदान जवळ जातं. भिंग मात्र लागेलच.

अभंगवेडा
चाइल्डच्या क्रमांकांवरून: ‘टॅम लिन’ ३९, ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ ५८, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ ८१. ‘फेअरवेल, फेअरवेल’ चे शब्द थॉम्पसनचे, पण चाल १०० व्या ‘विली ओ’ विन्सबरी’ ची. आपल्याकडे एकाच ओवीची चाल गावागणिक बदलते आणि एकाच चालीवर वेगळ्या ओव्या बसतात, तसंच हे. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ ला त्यांनी अमेरिकेतल्या ‘शेडी ग्रोव्ह’ ची चाल दिली, तीही याच रीतीने. मात्र पोवाड्याशी तुलना करायचा मोह आवरावा. पोवाड्यात शाहीर समोर उभा राहून बाजू घेतो, नाव लावतो. या बॅलडांत सांगणारा दिसतच नाही, प्रसंग आणि संवाद तेवढे. सँडीचं गाणं त्याला जुळतं. खुनाचा प्रसंगही ती आवाज न चढवता सांगते.

सुरपेटी
आणि नावाचा अर्थ?

थेम्सकाठ
दोन्ही जुने इंग्रजी शब्द. लीज म्हणजे निष्ठावंत, लीफ म्हणजे राजीखुशीने तयार.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्याचा मूळ प्रश्न पुन्हा विचारतो: एकच सीडी घ्यायची तर कोणती?

निळी_रेघ
२००२ ची. एका चकतीत पूर्ण अल्बम आणि सँडीचं ‘स्पेन्स’.

टेपपुराण
माझंही मत २००२. २००७ च्या डीलक्समधली दुसरी सीडी बीबीसी रेडिओची ध्वनिमुद्रणं आणि बाजूला ठेवलेले टेक यांची आहे. ‘टॅम लिन’ रेडिओवर कसं वाजलं हे ऐकायचंच असेल तर ती घ्या, नाहीतर जादा पैसे नकोत. जुनी साधी सीडी अगदी स्वस्तात मिळाली तर तीही घ्या आणि शून्य_एक यांची उलटी-मिसळ चाचणी लावून निकाल इथे टाका.

मंद्रसप्तक
२००२ ची एक प्रत इंग्लंडहून मिळतेय. पट्टीच्या फोटोत मॅट्रिक्सखाली ‘आयएफपीआय एल’ ने सुरू होणारा एक कोड, आणि भोकाला अगदी लागून पारदर्शक भागात दुसरा. दोन का?

तिरपी_सुई
‘एल’ चा कोड ज्या यंत्रशाळेत काचेची मास्टर चकती कापली तिचा. भोकाजवळचा साच्याचा, म्हणजे जिथे चकती प्रत्यक्ष दाबली त्या कारखान्याचा. दोन्ही असणं ही चांगली खूण, घ्या.
विक्रेत्याला एवढं सांगा: चकती डबीच्या मधल्या दात्यांवर ठेवू नको, वेगळ्या कागदी पाकिटात घालून डबीशेजारी ठेव. टपालात दाते मोडतात आणि त्यांचे तुकडे घरी पोचेपर्यंत चकतीवर घासत येतात.